108 मणी, दोन बोटं

नाशिकजवळच्या टाकळीला समर्थ रामदासांनी 12 वर्षांत ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या तेरा अक्षरी मंत्राचा 13 कोटी जप केला, असं परंपरा सांगते. कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर दिवसाला साधारण 29,700 जप होतो. म्हणजे 275 माळा, एकही दिवस न चुकता. हा मंत्र ओठांतल्या ओठांत नीट उच्चारायला तीन सेकंद धरले, तर दिवसाचे 24 तासही अपुरे पडतात. तेव्हा हा वेग ओठांचा नसून मनाचा असला पाहिजे. आकड्याकडे श्रद्धेनं पाहावं की गणितानं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला त्यातला वेगळाच भाग विचार करायला लावतो. इतकं मोजायचं तर ते मोजणाऱ्याच्या डोक्यात राहून चालणारच नाही. डोक्यानं आकडे धरले की नाम सुटतं, आणि नाम धरलं की आकडा. ही अडचण माळेनं सोडवली. मोजणी डोक्यातून काढून बोटांकडे दिली आणि डोकं मोकळं केलं.

माळ नव्हती तेव्हा, किंवा जवळ नसते तेव्हा, बोटांची पेरंच माळ होतात. तिला करमाळ म्हणतात. उजव्या हाताच्या अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात करायची, मग तिचंच खालचं पेर. तिथून करंगळीचं खालचं, मधलं, वरचं. पुन्हा अनामिकेचं वरचं, मधल्या बोटाचं वरचं, तर्जनीचं वरचं, मधलं, खालचं. झाले दहा. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं मेरू, म्हणजे माळेतला न ओलांडायचा मणी, मानून सोडून द्यायची. डावा हात दशकं मोजतो. एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, कुणाच्या लक्षातही न येता हा जप होतो. पण करमाळेत थोडं तरी लक्ष मोजण्यावर राहतंच. दोऱ्यात ओवलेल्या मण्यांनी तेवढंही शिल्लक ठेवलं नाही.

ही सोय जगात एकट्या हिंदूंनी वापरली असं नाही. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास चिनीत आलेल्या एका छोट्या बौद्ध सूत्रात, राज्यकारभारानं गांजलेल्या राजाला बुद्ध सल्ला देतात की रिठ्याच्या 108 बिया ओवाव्यात आणि त्या जवळ बाळगून त्रिरत्नाचं नाव घ्यावं. रिठा! आपल्याकडे आजी ज्यानं रेशमी साड्या धुवायची तोच. त्याची बी काळीभोर, गोटीसारखी टणक आणि वापरून तुकतुकीत होणारी. फुकट मिळणारी तर आहेच. गांजलेल्या राजालासुद्धा सोनं-मोती सांगितले नाहीत, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. मुसलमानांची तस्बीह 33 किंवा 99 मण्यांची. ग्रीक ऑर्थोडॉक्स साधू मण्यांऐवजी लोकरीच्या दोऱ्याला शंभर गाठी मारतात. कॅथलिक रोझरीत 59 मणी, दहा-दहाचे पाच गट आणि मध्येमध्ये वेगळा मणी. गोव्यातल्या कॅथलिक घरांत संध्याकाळी सगळे मिळून तेर्स म्हणतात ती हीच. जैनांची माळ 108 मण्यांची, आणि त्यांच्याकडे या संख्येचा हिशेब सगळ्यात स्वच्छ आहे: अरिहंतांचे 12 गुण, सिद्धांचे 8, आचार्यांचे 36, उपाध्यायांचे 25, साधूंचे 27. बेरीज करून पाहा.

हिंदू परंपरेत 108 ची स्पष्टीकरणं भरपूर आहेत. 27 नक्षत्रं गुणिले चार चरण. 12 राशी गुणिले नऊ ग्रह. अलीकडे मोबाइलवर आणखी एक फिरतं, की सूर्याचं पृथ्वीपासूनचं अंतर सूर्याच्या व्यासाच्या 108 पट आहे. सरासरी काढली तर ते साडेएकशेसातच्या जवळ येतं, खरं आहे. चंद्राचं मात्र 110 च्या पुढे जातं. त्यावरून आपल्या पूर्वजांनी माळ बेतली, याला आधार कुणी देत नाही. मला पटतं ते श्वासाचं स्पष्टीकरण. योगग्रंथ माणसाचे दिवसरात्रीचे श्वास 21,600 मानतात, म्हणजे मिनिटाला 15. निरोगी माणूस शांत बसलेला असताना आजही साधारण तेवढेच घेतो. त्यातले निम्मे, 10,800 श्वास नामाला दिले तर शंभर माळा होतात. शिवाय 108 ला 54, 36, 27, 18 या सगळ्यांनी भाग जातो, म्हणून निम्मी किंवा पाव माळ करता येते. आणि व्यवहार असा की माळ 108 ची असली तरी हिशेबात ती शंभरच धरतात. वरचे आठ चुकलेल्या, डुलकीत गेलेल्या मण्यांसाठी. ही सूट ज्यानं ठेवली तो स्वतः जपाला बसणारा असणार.

श्वासाचा धागा विज्ञानानंही पकडला आहे. इटलीतल्या पाविया विद्यापीठातले लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 23 निरोगी माणसांवर केलेला एक प्रयोग 2001 च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्या माणसांना कधी लॅटिनमधली रोझरीची प्रार्थना म्हणायला दिली, कधी ‘ओम मणि पद्मे हूम’. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला. हा सहा आकडा योगायोगाचा नाही. आपला रक्तदाब दर दहा सेकंदांनी किंचित वर-खाली होत असतो. ती शरीराची आपली लय आहे. श्वासही दहा सेकंदांचा झाला की दोन्ही लयी एकमेकींत मिसळतात, आणि रक्तदाब सावरणारी शरीरातली यंत्रणा अधिक तत्पर होते. रोझरीत अर्धी प्रार्थना एक जण म्हणतो, उरलेली बाकीचे; त्या पूर्ण आवर्तनाला सुमारे दहा सेकंदच लागतात. कुणी घड्याळ लावून हे ठरवलं नव्हतं. शतकानुशतकं म्हणता म्हणता जे अंगाला बरं वाटलं ते टिकलं असावं.

प्रयोग छोटा होता, माणसं धडधाकट होती. त्यावरून माळ ओढल्यानं रक्तदाबाची गोळी सुटते असं कुणी म्हणू लागला तर त्याला थांबवावं. पण एवढं नक्की घेता येतं की काम करतो तो सावकाश, लयीत, मोठ्या उच्छ्वासावर सोडलेला शब्द. मणी कशाचा होता याची त्या प्रयोगात कुणी चौकशीही केली नव्हती.

आता बसायचं कसं. परंपरेची पद्धत सोपी आहे: माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर टाकायची (काही जण अनामिकेवर घेतात), अंगठ्यानं एकेक मणी स्वतःकडे ओढायचा आणि तर्जनी लांब ठेवायची. तर्जनी अहंकाराचं बोट, ती दुसऱ्याकडे रोखली जाते, असं कारण कीर्तनात ऐकायला मिळतं. ते मान्य नसेल तरी तर्जनी बाजूला ठेवून पाहा. तीन बोटांच्या गर्दीपेक्षा दोन बोटांत मणी अधिक सुटसुटीत सरकतो. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवून परत निघायचं. यातली गंमत डोळे मिटून बसल्यावर कळते. मोठा मणी बोटाला लागला की न बघता समजतं, एक फेरी झाली. गोमुखीत हात घातल्यावर तर बघण्याचा प्रश्नच उरत नाही. ती पिशवी माळ जमिनीला टेकू देत नाही, दुसऱ्याच्या नजरेपासूनही झाकते आणि आपल्याही.

जप वाचिक, उपांशू आणि मानस असा तीन प्रकारचा सांगितला आहे, म्हणजे मोठ्यानं, ओठ हलतील एवढा आणि मनातल्या मनात. मनुस्मृती यांची प्रतवारी लावताना मानस जपाला सगळ्यात वर बसवते. नवख्यानं त्या मोहात पडू नये. मनातला जप लवकर पातळ होतो. दहाव्या मण्यापर्यंत आपण राम म्हणत असतो आणि विसाव्याला वीजबिल भरत असतो. बोटं मात्र इमानेइतबारे मणी ओढत राहतात. माळेचा हा खरा धोका आहे आणि तो संतांनी फार आधी ओळखला होता. कबिरापासून तुकोबांपर्यंत सगळ्यांनी नुसती माळ फिरवणाऱ्याला टोले हाणले आहेत. उपाय साधा आहे. उपांशू जप करावा, कारण हलणारे ओठ लक्षाला धरून ठेवतात. आणि नाम पूर्ण झाल्याशिवाय बोटाला पुढचा मणी द्यायचा नाही. मिनिटाला सहा श्वास आणि एका श्वासाला एक मणी असं चाललं, तर 108 मण्यांना 18 मिनिटं लागतात. एवढ्या संथ चालीनं केलेली एक माळ, धावतपळत संपवलेल्या पाच माळांपेक्षा मला जास्त मोलाची वाटते. इस्कॉनचे दीक्षित भक्त रोज 16 माळा करतात, गोंदवलेकर महाराजांच्या परंपरेत कोटींचे संकल्प होतात. त्या वाटेवरच्यांना वेगही साधावा लागतो आणि सरावानं साधतोही. पहिली माळ हातात घेणाऱ्यानं त्यांच्या आकड्यांशी शर्यत लावू नये.

माळ कुठली घ्यावी, या प्रश्नाला दुकानदार एक उत्तर देतो आणि हात दुसरं. हाताचं आधी ऐकावं. मणी आठ मिलिमीटरचा असेल तर 108 मण्यांची लांबी होते 86 सेंटिमीटर, मध्ये गाठी असतील तर मीटरच्या पुढे. ही माळ गोमुखीत नीट मावते. वीस मिलिमीटरचे टपोरे रुद्राक्ष घेतले की तीच माळ दोन मीटरच्या वर जाते. ती गळ्यात दुहेरी घालून छान दिसेल, बोटांवरून ओढायला मात्र जड. उलट चार मिलिमीटरचे मणी बोटाखाली दोन-दोन सटकतात आणि मोजणी बिघडते. सहा ते दहा मिलिमीटर ही बहुतेक हातांना चालणारी मापं. संधिवातानं बोटं आखडली असतील तर थोडा मोठा, खरबरीत मणी बरा. आणि 108 चा हट्टही नको. 27 मण्यांची स्मरणी खिशात राहते, तिच्या चार फेऱ्या केल्या की माळ झाली.

रुद्राक्षाच्या बाजाराबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण फसवणूक तिथेच सगळ्यात जास्त. रुद्राक्ष म्हणजे एका मोठ्या सदाहरित झाडाच्या फळातली आठळी. फळ निळंशार असतं आणि गंमत म्हणजे त्यात निळा रंगच नसतो. सालीतल्या अतिसूक्ष्म थरांवर प्रकाश पडून ते निळं दिसतं, मोरपिसासारखं. आपल्याकडे येणारा बराचसा माल नेपाळ आणि इंडोनेशियातला. नेपाळचा दाणा मोठा, इंडोनेशियाचा लहान. जपमाळेला लहानच सोयीचा आणि तो स्वस्तही असतो, पण ‘अस्सल म्हणजे नेपाळीच’ असं पढवलेलं गिऱ्हाईक तो नाकारतं. मुखं म्हणजे आठळीवरच्या उभ्या रेघा, आणि आत तेवढेच कप्पे. पाच कप्प्यांचं फळ सर्रास येतं, म्हणून पंचमुखी स्वस्त. एक, चौदा, एकवीस मुखी क्वचित, म्हणून त्यांचे भाव गगनाला. जिथे एक रेघ वाढवली की किंमत शंभरपट होते तिथे कानस आणि डिंक हातात घेणारे निघणारच. रेघा कोरतात, बुजवतात, दोन दाणे चिकटवून गौरीशंकर बनवतात. काजूच्या आकाराचा जो ‘एकमुखी’ गल्लोगल्ली मिळतो तो दुसऱ्याच जातीच्या झाडाचा असतो.

पारखायच्या म्हणून ज्या युक्त्या दुकानात दाखवतात त्या पाहायला मजेदार आहेत. खरा रुद्राक्ष पाण्यात बुडतो, म्हणतात. पिकून पडलेला ताजा दाणा बुडतो. वर्षानुवर्षं वाळलेला खरा दाणा तरंगू शकतो, आणि वजनदार लाकडाचा किंवा आत शिसं भरलेला खोटा झकास बुडतो. दोन तांब्याच्या नाण्यांमध्ये धरला की गरकन फिरतो, तीही करामत अशीच. दाब देताना कुठल्याही खडबडीत दाण्याचा एखादा कंगोरा नाण्यावर टेकतो आणि दाणा वळतो. त्याचा शक्तीशी संबंध नाही. मुखं मोजण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे क्ष-किरण, त्यात आतले कप्पे दिसतात. पण जपाला बसणाऱ्याला ही उठाठेव करायची गरजच काय? साधी पंचमुखी माळ घ्यावी. ती इतकी मुबलक आहे की तिची नक्कल करायला कुणाला फारसा नफा नाही.

नेपाळमधलंच दुसरं उदाहरण सांगण्यासारखं आहे. काभ्रेपलाञ्चोक जिल्ह्यातल्या तिमाल भागात ‘बोधिचित्त’ नावाचे मणी होतात. झाड आपल्या बोरीच्या कुळातलं. तिबेटी बौद्धांमध्ये आणि चिनी गिऱ्हाइकांत या मण्यांना अशी मागणी आली की झाडांना तारेची कुंपणं पडली आणि फळं झाडावर असतानाच त्यांचे सौदे होऊ लागले. ज्या परंपरेनं राजाला रिठ्याच्या बिया ओवायला सांगितल्या, तिच्याच अनुयायांत हे घडलं.

तुळशीची गोष्ट आपल्या घरची. पंढरपुरातल्या काशीकापडी समाजाचा तुळशीमाळा करण्याचा पिढीजात व्यवसाय आहे; वाळलेली तुळशीची खोडं कातून, भोकं पाडून मणी होतात. वारकऱ्याची गळ्यातली माळ ही जपाची माळ नव्हे, ती व्रताची. माळ घातली की मांस-मद्य सुटलं, एकादशी आणि वारी आली. कित्येक माळकरी ती तुटली तर पुन्हा गळ्यात पडेपर्यंत अन्नाला शिवत नाहीत. जपाची तुळशीमाळ वेगळी ठेवतात. तुळस हे झुडूप. तिचं खोड फार जाड होत नाही. त्यामुळे सुपारीएवढे, साच्यातून काढल्यासारखे एकसारखे मणी कुणी तुळशीचे म्हणून दाखवले तर शंका घ्यावी, बहुधा दुसरं एखादं हलकं लाकूड असतं. खऱ्या तुळशीचा मणी वजनाला हलका, किंचित वाकडातिकडा. बोटाला तो कधी बोचत नाही, आणि जपासाठी मला तोच सगळ्यांत उजवा वाटतो. घामानं आणि हाताच्या तेलानं वर्षभरात त्याचा रंग गडद होतो. पाण्यात भिजवत ठेवू नये, तडकतो.

स्फटिक घ्यायचा तर काच आणि स्फटिक यांतला फरक घरीच कळतो. स्फटिक हाताची उष्णता चटकन ओढून घेतो, म्हणून गालाला लावला की काचेपेक्षा गार लागतो. काचेच्या मण्यात भिंगाखाली गोल बुडबुडे दिसतात. स्फटिकाचा गोल मणी केसावर ठेवून फिरवत पाहिला तर काही बाजूंनी केस दुहेरी दिसतो, काचेतून एकच. उन्हाळ्यात स्फटिकाची माळ हाताला सुखाची, पण फरशीवर पडली की एखादा मणी गेलाच. चंदनाच्या माळेबद्दल एवढंच की उग्र घमघमाट आला तर तो अत्तराचा. चंदनाचा वास मंद असतो आणि मणी घासल्यावर पुन्हा येतो. कमळाक्षाची, हळकुंडाची, प्रवाळाची माळ ही त्या त्या देवतेच्या उपासनेत सांगितलेली असते. तशी उपासना घेतली नसेल तर त्यांच्यामागे लागू नये.

अमुक माळेनं धन येतं, तमुक माळेनं शनी उतरतो, अशा पाट्यांवर मी काही बोलत नाही. माळेबरोबर प्रमाणपत्र विकणाऱ्यांवरही नाही. ज्याच्या गुरूनं किंवा घराण्यानं विशिष्ट माळ दिली आहे त्यानं तीच वापरावी, तिथे निवडीचा प्रश्न येत नाही. बाकीच्यांनी दुकानात उभं राहून डोळे मिटावेत आणि दहा-बारा मणी ओढून पाहावेत. भोकाच्या कडेला धार आहे का, मणी अडतो का, मेरू बोटाला वेगळा कळतो का? या तीन गोष्टी तपासल्या की बरीचशी निवड झाली.

राहिला दोरा. माळेचं आयुष्य मण्यांवर कमी आणि दोऱ्यावर जास्त असतं, तरी विकत घेताना त्याच्याकडे कुणी बघत नाही. नायलॉन टिकतो पण ताणला की लांबतो आणि त्याची गाठ सुटत राहते; सुती दोरा घामानं कुजतो; पीळ घातलेलं रेशीम दोन्हींपेक्षा बरं. रुद्राक्षाच्या माळेत दोन मण्यांमध्ये ब्रह्मगाठ मारून घ्यावी. त्यामुळे खरबरीत दाणे एकमेकांवर घासत नाहीत, बोटाला जागा मिळते, आणि दोरा तुटलाच तर एकच मणी घरंगळतो, एकशे आठ नाही. गाठींशिवाय ओवलेल्या तुळशी किंवा स्फटिकाच्या माळेत एका मण्याएवढी ढील हवी, नाहीतर मणी पुढे सरकत नाही. नवी माळ बहुतेक वेळा यंत्रावर घट्ट ओवलेली येते. ती तशीच वापरण्यापेक्षा गावातल्या पटवेकऱ्याकडून पुन्हा ओवून घ्यावी, आणि ओवताना त्याला आपलं बोट दाखवावं.